पुस्तकं मोजायची की कविता?

कादंबरी मागायला येणारा वाचक कादंबरीचं नाव घेऊन येतो, निदान लेखकाचं तरी. कविता शोधणारा एक ओळ घेऊन येतो. तीही बहुधा अर्धी, थोडी चुकलेली, आणि ‘शाळेत होती’ किंवा ‘रेडिओवर लागायची’ एवढ्याच पुराव्यावर. साधं ग्रंथालय इथे हात टेकतं, कारण त्याचा कॅटलॉग पुस्तकांचा असतो. एखाद्या संग्रहाच्या ४३व्या पानावर काय छापलंय याचा त्याला पत्ता नसतो. केवळ कवितेसाठी काढलेल्या ग्रंथालयात मोजायचं माप बदलतं. तिथे कविता ही खरी वस्तू आणि पुस्तक तिचं वेष्टन. एवढं मान्य केलं की खरेदी, मांडणी, नोंदणी, डागडुजी, अगदी शांततेचा नियमसुद्धा नव्याने ठरवावा लागतो.

अशी ग्रंथालयं जगात मोजकीच आहेत. लंडनचं कवितेचं ग्रंथालय ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलने १९५३ साली सुरू केलं, उद्घाटनाला टी. एस. एलियट आणि हर्बर्ट रीड होते. १९८८ पासून ते थेम्सकाठच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आहे आणि आता नॅशनल पोएट्री लायब्ररी म्हणून ओळखलं जातं. एडिंबरातली स्कॉटिश पोएट्री लायब्ररी १९८४ची, टेसा रॅन्सफर्ड या कवयित्रीच्या पुढाकाराने उभी राहिलेली. न्यूयॉर्कचं पोएट्स हाउस १९८५चं. स्टॅन्ली क्युनिट्झ हे कवी आणि एलिझाबेथ क्रे या त्याच्या संस्थापक जोडीने अमेरिकेत कवितेला स्वतःचं घर मिळवून दिलं. या संस्थेने अनेक वर्षं एक शहाणपणाचं काम केलं: त्या-त्या वर्षी देशात निघालेली कवितेची पुस्तकं गोळा करून एकाच जागी मांडायची. हार्वर्ड विद्यापीठातली वुडबेरी पोएट्री रूम या सगळ्यांहून जुनी, १९३१ची.

लंडनच्या ग्रंथालयाचं धोरण थोडक्यात असं: १९१२ पासून पुढची कविता, आणि जमेल तिथे प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती, एक घरी न्यायला आणि एक तिथेच बसून वाचायला. दोन प्रतींचा नियम ऐकायला किरकोळ वाटतो, पण सगळा संग्रह त्यावर तरतो. कवितासंग्रहाची आवृत्ती दोनशे-तीनशे, फार तर पाचशे प्रतींची. दुसरी आवृत्ती निघेलच याचा भरवसा नाही. कादंबरी हरवली तर नवी आणता येते. हरवलेला संग्रह दहा वर्षांनी कवीच्या घरच्यांकडेही नसतो. एकच प्रत असलेल्या ग्रंथालयापुढे मग दोनच वाटा उरतात: कुलपात ठेवा किंवा गमावा. दोन्ही वाईट.

खरेदीची वाटही वेगळी. संग्रहांचा मोठा हिस्सा कवी पदरमोड करून काढतात. वितरक नसतो, दुकानात प्रत पोचत नाही, पुष्कळदा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकही नसतो. प्रकाशकांच्या याद्यांवर विसंबणारं ग्रंथालय यातलं बरंच चुकवतं. त्यामुळे मासिकांतली ‘साभार पोच’ची सदरं नेमाने वाचावी लागतात, कविसंमेलनाच्या बाहेर मांडलेल्या टेबलावर थांबावं लागतं, आणि दोन प्रती तिथल्या तिथे विकत घ्याव्या लागतात. विकतच घ्याव्यात, असं आमचं मत. भेट मागून संग्रह वाढतो, पण कवितेचं पुस्तक फुकटच वाटायचं असतं ही समजूत ग्रंथालयाने तरी पक्की करू नये. भेट आलेल्या गठ्ठ्यातून किती प्रती ठेवणार हे आधीच लेखी कळवलेलं बरं. नाहीतर एकाच संग्रहाच्या चाळीस प्रती कपाट अडवून बसतात आणि परत द्यायचा संकोच वाटतो.

चांगली कविताच घ्यायची का, हा प्रश्न दर बैठकीत निघतो. घेताना निवड करू नये. भाषा आणि कालखंड यांची हद्द आखावी आणि तिच्या आत जे येईल ते सगळं घ्यावं. आज कच्ची वाटणारी पन्नास पानं उद्या त्या काळाची बोली, छंदांची फॅशन, कोण कुणाचं अनुकरण करत होतं हे सांगतात. आवडनिवड दाखवायला दर्शनी फळी आहेच.

भेट आलेल्या प्रती झटकून साफ करू नयेत हेही इथेच सांगायला हवं. पानांत पत्र असतं, परीक्षणाचं कात्रण असतं, कधी कवीने स्वतः पेनाने केलेली दुरुस्ती असते. दुरुस्ती असेल तर ती प्रत घरी द्यायची नाही. तो त्या कवितेचा वेगळा पाठ आहे. कात्रण मात्र आत राहू द्यायचं नाही. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल समोरासमोरच्या दोन पानांवर उतरतं आणि कात्रणाच्या आकाराचा तपकिरी चौकोन कायमचा उमटतो. ते काढून लिफाफ्यात घालावं, लिफाफ्यावर पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि कुठल्या पानांत सापडलं ते लिहावं.

आता जाडीचा प्रश्न. युनेस्कोने १९६४ साली आकडेवारीसाठी व्याख्या ठरवली: मुखपृष्ठं वगळून निदान ४९ पानं असतील तर पुस्तक, ५ ते ४८ पानं असतील तर पुस्तिका. कवितेचे कित्येक संग्रह नेमके ४८ पानांत संपतात, कारण छपाईचा फॉर्म १६ पानांचा आणि तीन फॉर्म म्हणजे ४८. एका पानाने ते पुस्तकाच्या पंगतीतून उठतात. ज्या ग्रंथालयांत पुस्तिकांची वेगळी पेटी असते आणि पेटीतल्या वस्तूंची एकेक नोंद होत नाही, तिथे हे संग्रह असून नसल्यासारखे. कवितेच्या ग्रंथालयाचा पहिला नियम म्हणून हवं तर भिंतीवर लावावं: चार पानांचं असो की चारशे, नोंद सारखीच.

फळीवर जाडी आणखी छळते. साध्या ८० जीएसएम कागदाचा एक ताव साधारण ०.१ मिलिमीटर जाड. ९६ पानांचा संग्रह म्हणजे ४८ ताव, मुखपृष्ठासकट जेमतेम सहा मिलिमीटर. ९० सेंटिमीटरच्या फळीवर सर्वसाधारण पुस्तकं पस्तीस-चाळीस बसतात, हे संग्रह दीडशे. कण्यावर नंबराची चिठ्ठी चिकटत नाही. चिकटवली तर दोन्ही बाजूंना दुमडते, कोपरे सुटतात आणि शेजारच्या पुस्तकाला ओढतात. चिठ्ठी मुखपृष्ठाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, आडवी लावावी. फळीवर दर पंधरा सेंटिमीटरला उभा विभाजक हवा, म्हणजे वाचक पुस्तकं पुढे झुकवत रेकॉर्डसारखी चाळू शकतो. विभाजक नसेल तर एक पुस्तक काढताच उरलेली आडवी होतात, वाकतात, आणि महिन्याभरात त्यांना कायमचा बाक येतो. दर फळीवर चार-पाच पुस्तकं तोंडाने पुढे मांडावीत. ज्याचा कणाच दिसत नाही ते पुस्तक दुसऱ्या कुठल्या रीतीने उचललं जाणार?

मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकांची दुरुस्ती कुणालाही शिकता येते. दमट हवेत पिना गंजतात, गंज घडीतला कागद खातो, आणि एक दिवस मधलं पान हातात येतं. हवेतला ओलावा ५० टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर ठेवता आला तर गंज लांबतो, पण जुन्या पिना काढलेल्याच बऱ्या. पुस्तिका मधोमध उघडावी, आत वळवलेले पिनेचे पाय पातळ, बोथट पट्टीने सरळ करावेत आणि पिन बाहेरून काढावी. आतून उपटली तर गंजलेला भाग कागदासकट येतो. मग घडीवर दाभणाने तीन भोकं: एक मध्यावर, दोन वर-खाली कडेपासून दोन-अडीच सेंटिमीटरवर. जुनी भोकं शाबूत असतील तर तीच वापरावीत. मेण लावलेला सुती किंवा लिननचा दोरा घडीच्या लांबीच्या अडीचपट घ्यायचा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना यायला हवीत. तो टाका मधे धरून गाठ मारायची. दोन्ही टोकं एकाच बाजूला राहिली तर गाठ टाक्याला धरत नाही, शिवण ढिली पडते. दोरा ओढताना घडीच्या दिशेने ओढावा. पानाला काटकोनात ओढला की कागद चिरतो. पारदर्शक चिकटपट्टी कुठेही, कधीही लावू नये; काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो आणि अक्षरं घेऊन जातो.

साठच्या दशकातली मराठी अनियतकालिकं (‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’) अशा संग्रहात आली की नोंदणी करणाऱ्याची परीक्षा असते. नावातच अनियत, अंकावर क्रमांक, महिना, वर्ष असेलच असं नाही, आकार अंकागणिक बदलतो. अशा अंकांची एकत्र बांधणी करू नये. बाईंडर कडा सारख्या करायला पातं चालवतो, आणि ज्या कवीने मजकूर मुद्दाम कडेपर्यंत नेला त्याच्या ओळी कापल्या जातात. प्रत्येक अंक वेगळ्या आम्लरहित फोल्डरमध्ये, आडवा.

वर्गीकरणाकडे आलं की गंमत सुरू होते. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी कवितेचा क्रमांक ८९१.४६१. साध्या ग्रंथालयात तो एक कप्पा. इथे सगळं ग्रंथालयच ८९१.४६१, म्हणजे क्रमांक प्रत्येक पुस्तकावर तोच आणि उपयोग शून्य. बहुतेकजण मग कवीच्या नावाने अकारविल्हे लावतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या कोलन या वर्गीकरण पद्धतीत याहून सुंदर सोय आहे: साहित्यिकाची ओळख त्याच्या जन्मवर्षाने होते. अठराशेंच्या शतकाला ‘एम’, एकोणीसशेंना ‘एन’. म्हणून केशवसुत एम६६, मर्ढेकर एन०९, कुसुमाग्रज एन१२. फळीवरून नुसता हात फिरवला तरी कवितेचा इतिहास क्रमाने सरकतो आणि समकालीन आपोआप शेजारी येतात. पद्धत अडते ती हयात कवींपाशी. स्वतः छापलेल्या संग्रहावर जन्मवर्ष क्वचितच असतं आणि विचारल्यावर सगळेच सांगतात असं नाही. आमचा कल अकारविल्हेकडे. जन्मवर्ष कॅटलॉगमध्ये असलं की पुरे.

अकारविल्हे म्हणजे कुठल्या नावाने? मराठी कवींनी टोपणनावांची जी लयलूट केली आहे तिच्यापुढे तयार सॉफ्टवेअर गांगरतं. नियम सोपा ठेवावा: फळीवर मुखपृष्ठावरचं नाव, कॅटलॉगमध्ये दोन्ही नावांची जोडणी. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर ही एकच व्यक्ती. कविता एका नावाने, कादंबऱ्या दुसऱ्या. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी तसेच. ‘ग्रेस’ किंवा ‘अनिल’ शोधलं की भलत्याच नोंदींचा पूर येतो, आणि ‘बी’ म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते शोधायला गेलं तर निदान तीन अक्षरं मागणारा शोधखिडकीचा चौकोन काहीच दाखवत नाही. नावांची ही जोडयादी सुरुवातीलाच करावी. पाच हजार पुस्तकं नोंदवून झाल्यावर ती करायला बसणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग मुख्य काम, कवितावार सूची. १९०४ साली एडिथ ग्रेंजर यांनी इंग्रजी काव्यसंकलनांची अशी सूची छापली, शीर्षक, पहिली ओळ आणि कवी यांच्या क्रमाने. तिच्या नव्या आवृत्त्या पुढे शंभर वर्षं निघत राहिल्या. प्रत्येक कवितेसाठी सहा रकाने पुरतात: शीर्षक, पहिली ओळ, ध्रुवपद, कवी, पुस्तक, पान. ध्रुवपदाचा रकाना गाळू नये. लोकांच्या तोंडी पुनःपुन्हा येणारी ओळ बसते, आणि ती पहिली असतेच असं नाही. पाच हजार संग्रह, प्रत्येकी पन्नास कविता, म्हणजे अडीच लाख नोंदी. एका नोंदीला दोन मिनिटं धरली तरी आठ हजारांवर तास. म्हणून आधी प्रत्येक संग्रहाची अनुक्रमणिका स्कॅन करून पुस्तकाच्या नोंदीला जोडावी. हे काम काही महिन्यांत उरकतं आणि बरेच प्रश्न तिथेच सुटतात. नुसते ‘कविता १, कविता २’ असे आकडे असलेल्या संग्रहांना आणि मासिकांतल्या, कुठल्याही संग्रहात न आलेल्या कवितांना मग प्राधान्य द्यावं, कारण त्यांचा माग दुसरीकडे कुठेच नसतो.

ओळ टंकताना ती पुस्तकात आहे तशीच हवी, आणि शोधायला मात्र आणखी एक रूप हवं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘कांहीं नाहीं’ असेल, वाचक ‘काही नाही’ टंकतो, आणि यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी जगं. प्रत्येक ओळीची एक छुपी प्रत ठेवावी: अनुस्वार काढलेला, ऱ्हस्व-दीर्घ एक केलेलं, विरामचिन्हं उडवलेली. शोध त्या प्रतीत घ्यायचा, दाखवायची मूळ ओळ. चार भलत्या ओळीही येतील. हवी ती न येण्यापेक्षा ते परवडतं. प्रकाशकाने कौतुकाने संगणकातली फाइल दिली तरी ती जुन्या डीटीपी फाँटमधली असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून प्रत्येक ओळ छापील पुस्तकाशी ताडून घ्यावी. जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात.

एवढं करूनही हरवलेल्या ओळीचा शोध हे हातानेच करायचं काम आहे. लंडनच्या ग्रंथालयाने अशा हरवलेल्या ओळी वाचकांसमोरच मांडायची प्रथा पाडली. चौकशीच्या चिठ्ठीवर ओळीइतकेच महत्त्वाचे दोन प्रश्न: कुठे ऐकली, आणि तेव्हा वय काय होतं. वयावरून पाठ्यपुस्तकाची मालिका ठरते. म्हणून जुन्या पाठ्यपुस्तकांचे संच ही इथली सर्वांत कामाची संदर्भसामग्री. त्यांतल्या कविता पुष्कळदा कापलेल्या असतात आणि शीर्षकही संपादकाचं असतं, त्यामुळे मूळ संग्रहात ते सापडत नाही. स्मरणात क्रियापदं बदलतात, शब्दांचा क्रम बदलतो, ठसठशीत नाम टिकतं. शोध त्या नामावर घ्यावा, त्यातही सर्वांत दुर्मीळ असेल त्यावर. ‘चंद्र’ शोधून काही होत नाही. ओळ म्हणून दाखवायला सांगावं. चाल आली की वृत्त कळतं, आणि वृत्तात न बसणारा शब्द वाचकाने मागाहून घातलेला असतो. ओळ सापडली की वाचकाने सांगितलेली चुकीची ओळसुद्धा त्या नोंदीत शोधासाठी टाकावी. तीच चूक पुढचा माणूस करतो.

ज्या कवितेला शीर्षक, कवी, पुस्तक यांतलं काहीच नाही तिची नोंद कशी करायची, याचं उत्तम उत्तर जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाने दिलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांची नोंद गाणाऱ्या बाईच्या नावाने, गावाने आणि विषयाने होते. कागदावर न आलेल्या कवितेची सूची करणाऱ्याने हीच चौकट घ्यावी.

शांततेच्या पाटीबद्दल थोडं. कविता ओठ हलवत वाचली जाते, आणि कुजबुजणाऱ्याला हटकणारं कवितेचं ग्रंथालय स्वतःच्याच विरोधात जातं. दार बंद होणारी एक खोली मोठ्याने वाचायला द्यावी. देवघेवीच्या आकड्यांवरही जाऊ नये. कवितेचा वाचक फळीपाशी उभ्याउभ्या तीन कविता वाचतो आणि पुस्तक परत ठेवतो. रजिस्टरला ते दिसत नाही. संध्याकाळी टेबलांवर राहिलेल्या पुस्तकांची रोज टिपण केली तर खरं वाचन कळतं. पाच वर्षांत कुणी नेलं नाही म्हणून पुस्तक बाद करण्याचा सार्वजनिक ग्रंथालयांतला रिवाज इथे आणला तर वर्षभरात अर्धी कपाटं ओस पडतील.

कवींचे आवाज जपण्यात हार्वर्डने पुढाकार घेतला. तिथे १९३३ साली एलियट यांचं वाचन ध्वनिमुद्रित झालं. आज एक बरा मायक्रोफोन पुरतो. तोंडापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवर, जरा तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’चा फुत्कार थेट आदळत नाही. पंखा बंद. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, न दाबलेल्या स्वरूपात. एमपीथ्री फक्त ऐकवण्यापुरती. सुरुवातीला कवी, तारीख, ठिकाण आणि कवितांची शीर्षकं बोलून घ्यावीत, कारण फाइलचं नाव बदललं जातं, आवाजातली नोंद टिकते. वाचताना कवीने शब्द बदलला तर थांबवून दुरुस्त करायला लावू नये. पानाच्या आकड्यासह तो फरक नोंदवावा.

कविता वेबसाइटवर चढवताना दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली आकाराची. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब ओळ मोडते आणि मोडलेला तुकडा नवी ओळ वाटतो. मोडलेला भाग थोडा आत सरकवून दाखवण्याची सोय करून घ्यावी, आणि कवितेचं चित्र म्हणून छापील पानही सोबत द्यावं. दुसरी हक्कांची. लेखातला उतारा दिला तर तो उतारा असतो. कविता दिली तर अख्खी कलाकृती दिली. भारतात कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, युरोपात ७०. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या कविता भारतात २०१७च्या सुरुवातीपासून मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्यासाठी २०५९ संपावं लागेल. हक्क शिल्लक असतील तिथे पहिली ओळ, पुस्तक आणि पान एवढंच दाखवावं आणि संमतीचं पत्र पाठवावं. पत्रात छापील प्रत, आवाज आणि वेबसाइट या तिन्हींसाठी वेगळी सही घ्यावी. नुसतं ‘हरकत नाही’ लिहिलेली जुनी पत्रं आता वेबसाइटसाठी उपयोगी पडत नाहीत, आणि दुसऱ्यांदा विचारायला जावं तोवर हक्क तीन वारसांत वाटले गेलेले असतात, त्यांतला एक परदेशी असतो आणि एकाला आपले आजोबा कविता लिहीत हेच माहीत नसतं.